तिसरं कडवं

“उतरली का गं?” नलूनं डोळे न उघडताच विचारलं.

रत्नप्रभानं तिच्या डोक्याला बांधलेला रुमाल हळूच सोडला. आतली माळ कालपर्यंत कपाळावर होती. आज ती दोन्ही कानांना टेकली होती. नलूनं नुसती मान हलवली असती तरी घरंगळून गळ्यात आली असती.

“नाही,” रत्ना म्हणाली. “आहे तिथंच आहे.”

“कालपण हेच म्हणालीस.”

“मग काय खोटं सांगू?”

असं म्हणता म्हणता तिनं आपल्या वेणीतली काळी पिन काढली. माळ दोन बोटांनी उचलून पुन्हा माथ्यावर नेली, केसांच्या एका बटेत अडकवून पिन खोचली आणि रुमालाची गाठ आवळली. नलू तशीच पडून होती. तिच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं झालं होतं आणि पापण्या उघडायचाही तिला कंटाळा येत होता.

काविळीची ही माळ वर्सोव्याच्या कृष्णाबाईनं दिली होती. ती चाळीत मासळी घेऊन यायची. नलूला कावीळ झाल्याचं कळलं तशी दुसऱ्या दिवशी पाटीतून ही माळ घेऊन आली. कसल्याशा मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात ओवलेले, सगळी मिळून बांगडीएवढी. ती डोक्यावर ठेवायची. दिवसागणिक ती मोठी होत जाते, कपाळावरून कानाशी, कानावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर. जशी माळ उतरेल तशी कावीळ उतरते. डॉक्टरांचं औषध चालू ठेवा म्हणून तिनंच बजावलं होतं. पण माळेचे नियम कडक होते. जिच्या डोक्यावर माळ तिनं हात लावायचा नाही, आरशात पाहायचं नाही. आणि आईनं तर बघायचंच नाही, कारण सगळ्यांत आधी नजर लागते ती आईची. तेव्हा रोज सकाळी रुमाल सोडून बघायचं काम धाकट्या बहिणीकडे आलं.

“इली काय गो खाली?” मोरीतून आईनं, द्रौपदीबाईंनी, विचारलं.

“नाही आई.”

“मगे नवमीक काय ती उठणा नाय. गळ्यात इल्याशिवाय मी तिका उंबऱ्याभायर धाडूचंय नाय.” आईनं सुस्कारा सोडला. “बुवांका सांग, ह्या वर्षी पाळणो तूच म्हणतलंस.”

रत्नाला हसू येऊ लागलं. तिनं तोंड फिरवलं, नाहीतर ते तोंडावर दिसलं असतं.

अंधेरीला सहार रोडच्या आतल्या बाजूला त्यांची चाळ, आणि चाळीला लागून रामाचं देऊळ. देऊळ लहान, पण चैत्रातला उत्सव मोठा. गुढीपाडव्यापासून रोज संध्याकाळी हरेश्वरबुवांचं कीर्तन. बुवा दिवसा बसडेपोत कारकुनी करायचे आणि संध्याकाळी पगडी चढवली की डेपोतल्या साहेबालाही ओळखू येऊ नयेत असे दिसायचे. नवमीच्या दिवशी मात्र कीर्तन सकाळचं. एक डोळा देवाकडे आणि एक भिंतीवरच्या घड्याळाकडे ठेवून बुवा आख्यान असं बेतशीर लांबवत न्यायचे, की बाराचा पहिला ठोका आणि त्यांच्या तोंडून निघालेला जन्माचा शब्द एकदमच पडावा. मध्ये विमान डोक्यावरून गेलं तर चिपळ्या थांबवून, वर बोट दाखवून म्हणायचे, “जाऊ द्या, त्यांनाही आज दर्शनाची घाई आहे.” मग गुलाल उडायचा, फुलांनी मढवलेल्या पाळण्याची दोरी हलायची, आणि त्या गलक्यातून एका मुलीचा आवाज वर यायचा.

तो आवाज इतकी वर्षं नलिनीचा असायचा.

पाळणा बुवांनीच रचलेला. दोघी बहिणी त्यांच्याकडे एकाच दिवशी शिकायला गेल्या होत्या. नलू तेव्हा दहाची, रत्ना सातची. महिनाभरानं बुवा कौतुकानं बोलून गेले, “थोरलीचा गळा गोड, धाकटीचा हात गोड.” त्यांच्या बिचाऱ्यांच्या ते ध्यानातही राहिलं नसेल. पण घरात त्याच दिवशी वाटणी झाली. नलू गाणार आणि रत्ना पेटी वाजवणार. उत्सवाच्या फोटोत नलू पाळण्याशी उभी, कपाळावर गुलाल, तोंड उघडं; आणि पेटीमागे रत्नाचा नुसता भांग दिसायचा.

रत्नाचा गळा काही वाईट नव्हता. तो कुणी ऐकलाच नव्हता. चारचौघांत ती नलूला ताई म्हणायची आणि घरात भांडताना नलू. आणि घरात भांडण नाही असा दिवस उजाडत नसे. खिडकीपाशी कोण झोपणार, आधी आंघोळीला कोण जाणार, नलूनं वापरलेला फ्रॉक रत्नानं का घालायचा. “तुझी पेटी माझ्या पुढे पळते,” नलू म्हणायची. “तूच मागे राहतेस, म्हशीसारखी,” रत्ना म्हणायची. पण नलूची कुठली ओळ कुठल्या श्वासावर संपणार हे रत्नाच्या बोटांना पाठ होतं, आणि रत्नाचं बोट नखभर चुकलं तरी नलूची मान गाता गाता वळायची.

नलूची जागा मिळाली म्हणजे तिची कामंही आली. नलू पहाटे नाक्यावरच्या आरे दूध केंद्रावर असायची, मग कॉलेज. ती आजारी पडल्यापासून त्या निळ्या टपरीत रत्ना उभी राहू लागली. दहावीची परीक्षा होऊन गेलेली, सुट्टीच होती. तारेच्या खोक्यांतून बाटल्या काढायच्या, लोकांचं कार्ड बघायचं, रिकाम्या बाटल्या परत घ्यायच्या.

“नलू कशी आहे गं?” प्रत्येक जण विचारायचा.

“बरी आहे.”

“तिला म्हणावं, नवमीला ऐकायचंय आम्हाला.”

“या वर्षी मी म्हणणार आहे.”

“हो का?” म्हणून माणूस बाटली घेऊन निघून जायचा.

नवमीपर्यंत रत्ना रोज सकाळी रुमाल सोडत होती, आणि पिन जागेवर आहे ना एवढं बघून पुन्हा बांधत होती. माळ मोठी होतच होती. तिचा फुगवटा केसांत दाबून बसवावा लागत होता. एकदाचं नवमीचं होऊन जाऊ दे, मग काढते, असं ती स्वतःला सांगायची. दोन दिवसांनी काय बिघडतं?

नवमीला तिनं नलूची हिरवी साडी नेसली. विचारलं नाही, आणि नलूनंही ‘माझी आहे ती’ म्हटलं नाही. ऊन चढलं होतं, देवळात उभं राहायला जागा नव्हती. बुवांनी बरोबर ठोक्यावर जन्म आणला. गुलाल उडाला, बायकांनी दोरी धरली, आणि रत्नानं पेटीचा भाता दाबून पहिला स्वर लावला. आपला आवाज कर्ण्यातून बाहेर पडून चाळीवरून जातोय हे तिला ऐकू येत होतं. तो तिला ओळखीचा वाटेना. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला बुवांनी डोळे मिटले. बायका डोलू लागल्या. सगळं देऊळ तिच्याकडे बघत होतं, पेटीकडे नाही.

ती धावतच घरी आली. बाकी सगळे अजून आरतीत होते. नलू उशीला टेकून बसली होती. बऱ्याच दिवसांनी तिचे डोळे टक्क उघडे होते.

“झालं का?” नलू म्हणाली.

“ऐकलंस?”

“कर्णा इथं खिडकीसमोर आहे, न ऐकून सांगते कुणाला.” मग जरा थांबून म्हणाली, “तिसऱ्या कडव्याची वाट लावलीस.”

रत्नाचा चेहरा उतरला. “काय चुकलं?”

“‘माउलीच्या मांडीवरी निजलं गं त्रिभुवन.’ एका दमात जायची ओळ आहे ती. तू त्रि म्हणून श्वास घेतलास आणि मग भुवन. बाळाला झोपवता झोपवता त्रिभुवनाचे दोन तुकडे केलेस.”

“कुणाला कळलं नाही.”

“मला कळलं ना. ‘मांडीवरी’च्या आधी छाती भरून घ्यायची, मग पुरतो श्वास.” नलूनं डोळे मिटले. “बाकी चांगलं झालं. पहिलं कडवं तर माझ्यापेक्षा… जाऊ दे, भाव खाशील.”

रत्ना पदराशी चाळा करत उभी राहिली.

“आता ती पिन काढ,” नलू म्हणाली. “टोचतेय केव्हाची.”

खोलीत दोघीच होत्या. बाहेर आरतीच्या टाळ्या चालल्या होत्या.

“तुला ठाऊक होतं?”

“डोकं माझं आहे ना.”

“मग आईला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर आईनं मला उठवून नेलं असतं. आणि मला उभंसुद्धा राहवत नाहीये गं.” मग नेहमीसारखं एक भुवई वर नेऊन म्हणाली, “एकच वर्ष हं. पुढच्या नवमीला माझी जागा मला पाहिजे. आणि साडी धुऊन ठेव, गुलाल जात नाही.”

रत्नानं पिन काढली. माळ सर्रकन सुटून गळ्यात आली आणि तिथून पार छातीपर्यंत लोंबली. देवळातून परतलेल्या आईला तिनं हाक मारली, “आई, गळ्यात आली.” आईनं नियम मोडून पाहिलं, लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि चाळीत घरोघर चिमूट चिमूट साखर वाटून आली.

त्यानंतर दोन दिवस सगळे हसतमुख होते. तिसऱ्या दिवशी सकाळी नलू काहीतरी भलतंच बोलू लागली. वडिलांना, काशीराम यांना, ओळखेना. ते तेव्हा मरोळला एका कारखान्यात वॉचमन होते. रात्रपाळीहून आले होते, तसेच युनिफॉर्मवर तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेले. कावीळ मेंदूत गेली, असं डॉक्टर म्हणाले. नलू परत आली ती चाळीतल्या चार माणसांच्या खांद्यावर जाण्यापुरती. माळ हॉस्पिटलात कुणीतरी कापून टाकली होती.

घर गप्प झालं. खिडकीपाशी आता रत्नाच झोपायची. सकाळी मोरी रिकामी असायची. नलूचे चांगले फ्रॉक, साड्या, दोन रंगांच्या चपला, सगळं तिचं झालं होतं, आणि त्यातलं काही हातात धरलं की ओढून घ्यायला पलीकडून कुणी येत नव्हतं. आई कामाचं तेवढं बोलायची. पूर्वी ती भाजी निवडतानासुद्धा काहीतरी गुणगुणत असायची; ते बंद झालं. नलूचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. पहाटे दूध केंद्रावर काही दिवस लोक हळहळले, मग तेही थांबले. आता ते रत्नालाच विचारत, “काय, बरी आहेस ना?” आणि ती खोक्यातली पुढची बाटली काढायची.

पिनेचं तिनं कुणाला सांगितलं नाही. श्रावण सरल्यावर कृष्णाबाई पुन्हा पाटी घेऊन चाळीत आली. तिला रत्नानं जिन्याखाली गाठलं.

“मावशी, माळ उतरत असताना कुणी अडवली तर?”

कृष्णाबाई पाटी उतरवून पायरीवर बसली. तिनं मुलीच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“कोनी अरवली?”

रत्नानं मान खाली घातली.

“अगो पोरी, सूत सैल परतं म्हनून माल उतरते. तिला अरवली का रोग अरतो, असा काय हाय? तसा असता तर माजा नवरा गेला नसता. त्याची माल तर कमरेपावत उतरली व्हती.” तिनं ओल्या हातानं रत्नाच्या गालाला स्पर्श केला. “ह्या तू कोनाला इचारू नको आता. मी सांगितला ना तुला.”

रत्नाला ते पटलं. दिवसा पटायचं. एखाद्या पहाटे दुधाच्या खोक्यांचा खळखळाट ऐकत असताना पटायचं नाही.

फाल्गुनात हरेश्वरबुवा स्वतः घरी आले. चहाला नको म्हणाले, पाणी घेतलं.

“रत्ना, पाळणा तू म्हणायचा हो.”

“मी पेटी वाजवीन, बुवा. म्हणायला दुसरी कुणीतरी बघा.”

“दुसरी कोण? सगळ्यांच्या गळ्याला फाटे फुटलेत.”

“ती जागा माझी नाही.”

बुवांनी गुडघ्यावर हात फिरवला. कीर्तनात शब्दाला शब्द जोडणारा हा माणूस एरवी बोलताना अडखळायचा.

“माझीपण नाही गं ती, जिथं मी उभा राहतो. माझे थोरले बंधू उभे राहायचे तिथं. त्यांचा आवाज असा… आणि माझा हा असा, घोगरा. त्यांच्यामागं झांजा वाजवायचो मी. ते गेले त्या वर्षी मी म्हणालो, नाही. तर तेव्हाचे पुजारी म्हणाले, हरी, बारा तर वाजणारच आहेत.” ते उठले. “एवढंच म्हणाले. मीपण एवढंच सांगायला आलो.”

ते गेल्यावर आईनं रिकामा तांब्या उचलला. मग म्हणाली, “म्हण गो. माका देवळात येवक जमाचा नाय. पण म्हण.”

तेव्हापासून नवमीपर्यंत रत्नानं ती एक ओळ किती वेळा घोटली असेल त्याला मोजदाद नाही. दूध केंद्रावर, मोरीत, रस्त्यात. ‘मांडीवरी’च्या आधी छाती भरून घ्यायची. श्वास पुरत होता. अगदी ‘त्रिभुवना’च्या शेवटपर्यंत जाऊन वर उरत होता.

नवमी आली. तेच ऊन, तीच गर्दी. बाराचा ठोका पडला, बुवांच्या तोंडून जन्म निघाला आणि गुलालाचा ढग उठला. रत्ना गात होती. तिचा गळा आता मोकळा झाला होता, वर्षभर कोंडलेलं काहीतरी त्यात होतं. दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावू लागल्या. तिसऱ्याला तिनं छाती भरून घेतली, ‘माउलीच्या मांडीवरी’ म्हटलं, आणि डोळे उघडून समोरच्या पाळण्याकडे पाहिलं. फुलांच्या आत एवढीशी मूर्ती, डोक्यावर कुंची. तेवढ्यानंच काय झालं कोण जाणे, ‘निजलं’ या शब्दावर तिच्या आवाजाला कंप आला, आणि ‘त्रि’ म्हणून श्वास तुटला.

घेतला तिनं श्वास. ‘भुवन’ म्हटलं आणि पुढे गेली.

गाता गाताच तिनं तोंडांवरून नजर फिरवली. पुजाऱ्यांवरून, म्हाताऱ्यांवरून, दोरी धरलेल्या बायकांवरून. सगळे डोलत होते. बुवांचे डोळे मिटलेले होते. एकही मान वळली नाही.

नंतर सगळ्यांनी तिला जवळ घेतलं. सुंठवड्याच्या पुड्या हातात कोंबल्या. कुणी म्हणालं देव ऐकत होता, कुणी म्हणालं अंगावर काटा आला. काशीराम गर्दीतून वाट काढत आले. रात्रपाळी करून झोपलेच नव्हते. त्यांनी पेटी उचलून घेतली.

“झकास झालं, बाळा.”

“चुकले मी, बाबा. तिसऱ्या कडव्यात.”

“चुकलीस? छे. कोणालासुद्धा कळलं नाही.”

“हो,” रत्ना म्हणाली. “कोणालाच नाही कळलं.”

ते पेटी ठेवायला बुवांकडे वळले आणि ती एकटी घरी आली.

दार उघडंच होतं. आई आत पाटावर बसून पन्ह्यासाठी कैऱ्या किसत होती, दाराकडे पाठ करून. रत्ना चप्पल काढताना थबकली. आई गुणगुणत होती. वर्षात पहिल्यांदा. आवाज गंजलेला, घशातल्या घशात, पण चाल सरळ होती. “माउलीच्या मांडीवरी निजलं गं त्रि…” तिथं ती थांबली, श्वास घेतला, “…भुवन,” आणि किसणीवर पुन्हा कैरी फिरू लागली. परत पहिल्यापासून. परत तिथंच तुकडा. खिडकीतून जसं आलं होतं तसं तिनं ठेवून घेतलं होतं.

रत्ना उंबऱ्यावर उभी राहिली. आईला गाऊ द्यावं, मध्ये बोलू नये, असंच तिला वाटलं. इतक्या दिवसांनी कुठं आवाज फुटला होता. तरीही ती हात धुऊन आली आणि आईजवळ जमिनीवर बसली.

“आई, तिथं थांबायचं नाही.”

आई दचकली. “तू तर थांबलंस.”

“चुकले मी.”

“माका तर तसांच बरां लागलां.”

“नाही गं. एका दमात म्हणायची ओळ आहे ती. ‘मांडीवरी’च्या आधी छाती भरून घ्यायची.”

आईनं किसणी खाली ठेवली. हाताला लागलेला कीस काढत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, “नलू घेय होती, तशी?”

“हो,” रत्ना म्हणाली. “ताई घ्यायची तशी.”

आईनं पाठ ताठ केली. श्वास भरून घेतला, डोळे मिटले आणि म्हणू लागली. ‘निजलं’पर्यंत आली, ‘त्रिभु’वर दम संपला. खोकला आला. तिनं पदरानं तोंड पुसलं, डोळेही पुसले.

“परत म्हणू काय गो?”

“म्हण ना,” रत्ना म्हणाली, आणि जमिनीवर तळव्यानं हळूहळू ताल धरला.